कोहळ्याच्या जागी लोटा

पुनावळ्यात चित्रकलेचा वर्ग घेणाऱ्या एका मास्तरांनी मला फसवलं. माझ्या मांडणीत पांढरा कोहळा होता. त्यांनी त्या जागी तांब्याचा लोटा रंगवला आणि चित्राखाली माझं नाव लिहून मोकळे झाले. ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग विचारतो, यात फसवणूक कुठे झाली? म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते आहे. वाचल्यावरही ज्याला हसू येईल त्याने खुशाल हसावं, पण लोटा कुणाचा होता ते लक्षात ठेवावं.

मी लाकडाचा धंदा करते. चाकणच्या कंपन्यांमध्ये परदेशातून मशिनं येतात ती पाइनच्या भल्यामोठ्या खोक्यांमध्ये बसून येतात. मशीन आत जातं, खोकं बाहेर पडतं. ते मी उचलते. वखारीत आणून माणसं त्याचे खिळे काढतात, फळ्या वेगळ्या होतात, आणि त्या फळ्यांची परत खोकी, पॅलेट, दुकानांची कपाटं, कोंबड्यांची खुराडी असं काय वाटेल ते होतं. धाराशिवकडून लग्न होऊन दिघीत आले तेव्हा नवरा भोसरीतल्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता आणि मी त्याच कारखान्याच्या मागे टाकलेल्या फुटक्या फळ्या डोक्यावरून आणून बंबाच्या जळणाला घरोघरी देत होते. तिथून इथवर मला कुणी आणून सोडलेलं नाही. मी भांडत भांडत आले आहे.

भांडण्यावरून आठवलं. सौदा करण्याची माझी एक पद्धत आहे. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपले हात कामात ठेवायचे. हात मोकळे राहिले की माझा राग हातात उतरतो. एकदा त्या भरात मी कपबशी भिंतीवर फेकली होती आणि तो सौदा हातचा गेला होता. तेव्हापासून मी वखारीच्या दारातल्या टेबलाशी उभी राहून बोलते. हे टेबल मी स्वतः करून घेतलं आहे, जाड फळ्यांचं, दोन माणसांना हलत नाही असं.

एक दिवस एका कंपनीचा खरेदीवाला साहेब आला होता. दुपारी भरीत करायचं म्हणून मी टेबलावर एक वांगं, एक कांदा आणि दोन लाल मिरच्या ठेवल्या होत्या. साहेब भाव का उतरला पाहिजे ते समजावत होता आणि मी वांगं इकडून तिकडे सरकवत होते. कांदा वांग्याला टेकवला. नको वाटलं, मागे घेतला. एक मिरची आडवी ठेवली, दुसरी तिच्यावर तिरकी. साहेब बोलता बोलता मिरचीकडे बघायला लागला. थोड्या वेळाने तो आपण काय म्हणत होतो तेच विसरला आणि मी म्हणेन त्याला हो म्हणून गेला. सौदा मी जिंकले, पण तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी अजून त्या वांग्याकडेच बघते आहे. जांभळ्या वांग्यावर लाल मिरचीची एक बारीक रेघ पडली होती. त्या दिवशी भरीत झालं नाही. मला ते वांगं भाजवेना.

वखारीत एकच रंग असतो, लाकडाचा. भुसा तोच, फळ्या त्याच, माणसांच्या केसांवर बसलेली धूळही तीच. त्या सगळ्यात ते टेबल तेवढं बोलायला लागलं. मग मी रोज काहीतरी मांडायला लागले. दिघीच्या टेकडीवर सापडलेली गारगोटी, वादळात पडलेलं सुगरणीचं घरटं, बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा, कवठ, बोरं, वाळलेला दोडका. मी कधी चित्रकला शिकले नाही. कशाशेजारी काय ठेवलं की दोन्हीला बरं वाटतं, एवढंच मी बघत असे. हिरव्या लिंबाशेजारी कांदा ठेवला की कांदा उजळतो. त्याच कांद्याशेजारी टोमॅटो ठेवा, दोघंही रुसून बसतात.

या टेबलाचे नियम मी ठरवले. माणसाने घडवलेलं काहीही त्यावर येणार नाही. काही कापायचं नाही. आणि विकत आणलेलं काही ठेवायचं नाही. सगळं एकतर सापडलेलं, नाहीतर सौद्यात वरून मिळवलेलं. भाजी घेताना आपण नाही का म्हणत, वर दोन मिरच्या टाका? मी ते कंपन्यांमध्ये सुरू केलं. खोक्यांचा सौदा पक्का झाला की मी विचारायची, “ठरलं साहेब, आता वर काय?” साहेब लोक गोंधळायचे. एकाने मला पेन देऊ केलं. मी म्हटलं, पेन नको, तुमच्या गेटजवळ ते लाल ब्रशासारखं फूल आलंय ते तोडून द्या. टाय लावलेला तो माणूस वॉचमनदेखत बागेत शिरला आणि फूल घेऊन आला. पुढे पुढे लोक मी मागायच्या आधीच काही ना काही घेऊन यायला लागले. चाकणच्या बाजारातला एक अडत्या तर माझ्यासाठी वेगळ्या आकाराचे कांदे बाजूला काढून ठेवतो. जुळे कांदे, चपटे कांदे, चोचीचे कांदे.

नवरा आता रिटायर होऊन वखारीतच बसतो. त्याने या मांडणीचा स्वतःपुरता उपयोग शोधून काढला. सकाळी दारातूनच टेबल बघायचं. मिरच्या पुढे असल्या की तो आत न येता परस्पर चहाला जातो. पांढरं आणि पिवळं पुढे असलं की येऊन पेपर उघडतो. माणसांनाही त्याने हेच शिकवलं आहे.

आमची मुलगी पुनावळ्यात राहते, हिंजवडीला नोकरीला जाते. ती आली की टेबलाचे फोटो काढते. तिने ते तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि तिथून हे मास्तर आले. एका कंपनीच्या ड्रॉइंग विभागात त्यांची नोकरी झाली होती. आयुष्यभर मशिनच्या भागांचे नकाशे काढले आणि रिटायर झाल्यावर रंग हातात घेतले. रविवारी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मोठ्या माणसांना चित्रकला शिकवतात. अंगाने किडकिडीत, बोलणं हळू, शर्टाच्या खिशात चार पेन्सिली. त्यांना वर्गासाठी चौदा घोड्या हव्या होत्या, चित्राचा बोर्ड टेकवायच्या तिकाटण्या. फळ्या बघायला आले आणि टेबलापाशी येऊन थांबले ते हललेच नाहीत.

त्या वेळी मांडणी नवरात्रातली होती आणि तिच्या मधोमध कोहळा होता. त्या कोहळ्याबद्दल सांगितलं पाहिजे. आदल्या वर्षी खंडेनवमीला करवतीच्या मशिनपुढे कोहळा फोडला होता. आमच्याकडे, म्हणजे या सगळ्या पट्ट्यातच, खंडेनवमी चुकत नाही. त्या दिवशी मशिन बंद ठेवायचं, धुवायचं, त्याला झेंडूचा हार घालायचा, पुढे कोहळा फोडायचा, गाड्यांच्या चाकांखाली लिंबं. त्या फोडलेल्या कोहळ्याच्या बिया कुणीतरी मागच्या भुशाच्या ढिगावर फेकल्या आणि पावसात तिथे वेल आला. मी त्याला पाणीसुद्धा घातलं नव्हतं. त्याला एकच फळ धरलं. मान वाकडी, एका बाजूला झुकलेलं, जसं कुणी कान देऊन ऐकतंय. अंगावर पांढरी भुरी अशी, की बोट लागलं तर ठसा उमटेल. मी तो देठाला धरून, श्वास रोखून टेबलावर आणला होता. त्याच्यापुढे दोन काटेरी वांगी, एक सीताफळ, पाच पिवळी लिंबं, लाल मिरच्यांचा झुबका, देठासकट झेंडू आणि मागून बहाव्याची एक काळी शेंग. अशी मांडणी मला पुन्हा जमलेली नाही.

मास्तर म्हणाले, हे मला रंगवायचं आहे.

मी म्हटलं, रंगवा, पण फुकट नाही. ते म्हणाले, फळ्यांचे जे होतील ते देईनच. मी म्हटलं, फळ्यांचे नकोत. चौदा घोड्यांचं लाकूड रंधून, कापून देते. बदल्यात चित्राखाली मांडणी माझी म्हणून माझं नाव आलं पाहिजे, मोठ्या अक्षरात.

“नाव देईन ताई,” मास्तर म्हणाले, “पण दोन गोष्टी मला करू द्या. खाली एक कापड हवं, चुण्या पडलेलं. आणि इथे एक तांब्याचा लोटा ठेवू. उजेड पकडायला काहीतरी लागतं.”

“कापड नाही. लोटा नाही.”

“अहो, सगळ्या चित्रांत असतो.”

“म्हणून तर नाही. माणसाने घडवलेलं इथे काही येत नाही. आणि उजेड पकडायला माझा कोहळा आहे.”

ते हसले. मग कोहळ्याकडे बघितलं आणि त्यांचं हसू जरा कमी झालं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांनी सहा सकाळी मागितल्या. मी तीन दिल्या, कारण टेबल दारात आहे आणि गाड्या आत घ्यायला अडचण होते. शेवटी साडेतीनवर ठरलं. कापड नाही, लोटा नाही, नाव मोठं. हातावर हात मारला. साक्षीला नवरा होता, त्याने पेपरातून मान वर केली होती.

त्या तीन सकाळी माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या सकाळी होत्या, हे मी रागातही नाकारणार नाही. मास्तर सकाळीच यायचे, घोडी लावायचे आणि तासभर नुसते बघत बसायचे. मला वाटलं माणूस वेळ काढतोय. मग मीही त्यांच्याशेजारी उभी राहून बघायला लागले. मला जे दिसायचं त्याला त्यांच्याकडे नावं होती, आणि त्यांना जे दिसत नव्हतं ते मी सांगायची. ते म्हणाले, वांग्याची सावली काळी आहे. मी म्हटलं, काळी नाही, नीट बघा, लिंबामुळे ती हिरवट झाली आहे. ते उठून टेबलाजवळ गेले, वाकले, परत आले आणि हिरवा रंग घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वांग्यावर एक पांढरा ठिपका टेकवला आणि ते वांगं एकदम ओलं, टवटवीत झालं. मी त्यांना चहाचा दुसरा कप दिला. आमच्या वखारीत दुसरा कप कुणालाही मिळत नाही.

फक्त कोहळा राहिला होता. तो ते रोज उद्यावर ढकलत होते. कागदावर त्याच्या जागी कोरा आकार, वाकड्या मानेसकट. पांढऱ्यावर पांढरं कसं काढायचं, त्यात पुन्हा ती भुरी, असं स्वतःशीच पुटपुटायचे. मी म्हटलं, उद्या अर्धी सकाळ आहे, उद्या तोच करा. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. पूजा दुपारी असते, तोवर होऊन जाईल असा माझा हिशेब.

त्या सकाळी मला चाकणला जावं लागलं. दसऱ्याच्या सुट्टीमुळे एका कंपनीला त्याच दिवशी खोकी बाहेर काढून हवी होती, आणि मी नसले की तिथे फुटकी खोकी चांगल्यात खपवतात. दुपारी वखारीत परत आले तर दारापासूनच उदबत्तीचा वास. करवतीचं मशिन धुऊन पुसून चकाचक. त्यावर झेंडूचा हार. मशिनच्या दोन्ही बाजूंना कोहळ्याची एकेक फोड, आत कुंकू भरलेलं. टेम्पोच्या चारही चाकांखाली लिंबं, पाचवं लिंबू मिरच्यांसकट दारावर टांगलेलं. आणि माझ्या टेबलावर दोन काटेरी वांगी आणि बहाव्याची शेंग.

नवरा नवीन शर्ट घालून, कपाळाला गंध लावून उभा होता. चेहरा प्रसन्न.

“अगं, सगळं सामान काढूनच ठेवलं होतंस,” तो म्हणाला. “कोहळा, लिंबं, झेंडू, मिरच्या. बाजारात जायचा वेळ वाचला म्हणून लवकर उरकून घेतलं.”

एका अर्थाने त्याचं चुकलं नव्हतं. तीस वर्षं कारखान्यात खंडेनवमी केलेल्या माणसाने त्या दिवशी सकाळी टेबलावर कोहळा, लिंबं, मिरच्या आणि झेंडू एकत्र बघितल्यावर दुसरं काय समजायचं? या अख्ख्या पट्ट्यात कुणीही तेच समजला असता. पण हे मला आज सुचतंय. त्या दिवशी मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माणसं पेढे घेऊन मागच्या बाजूला पळाली. मी रागारागाने टेबलापाशी गेले, हात कामाला लावायला, तर मांडायला काही उरलंच नव्हतं. दोन वांगी किती वेळ सरकवणार? मग मलाच हसायला आलं. सीताफळ कुठे गेलं विचारलं तर म्हणे प्रसादाला वाटलं.

“मास्तर कुठे आहेत?”

“येऊन गेले. प्रसाद घेतला आणि गेले. म्हणाले, काळजी करू नका, बाकीचं घरी पुरं करतो.”

मी त्याच संध्याकाळी मास्तरांना फोन केला. म्हटलं, पुरं करू नका, थांबा, मी दुसरा कोहळा बघते. ते म्हणाले, हो ताई. दुसऱ्या दिवशी मी थेरगावात, डांगे चौकाच्या बाजूची सगळी भाजीची दुकानं पालथी घातली. दसऱ्याचा दिवस, कोहळ्यांचे ढीग लागले होते, पण सगळे सरळ, गुळगुळीत, शाळेच्या रांगेत उभे असल्यासारखे. शेवटी एक जरा कललेला मिळाला. मी तो विकत घेतला. नियम मोडून विकत घेतला, आणि भाव न करता घेतला. विकणाऱ्या बाईने मला दोनदा निरखून बघितलं, ती मला ओळखते. तो कोहळा टेबलावर ठेवून मी मास्तरांना परत फोन केला. येतो ताई, म्हणाले. आठवड्याने केला. येतो ताई. शेवटी त्या कोहळ्याच्या वड्या झाल्या. वड्या चांगल्या झाल्या, पण तो मुद्दा नाही.

दिवाळीनंतर सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये त्यांच्या वर्गाचं प्रदर्शन भरलं. मुलीने दोघांना बोलावलं. मी इरकली साडी नेसले, नवऱ्याने पुन्हा तोच नवीन शर्ट घातला. आत शिरताच आमच्या चौदा घोड्या ओळीने उभ्या दिसल्या आणि मला बरं वाटलं. मधोमध सगळ्यात मोठं चित्र. माझी वांगी, माझी लिंबं, हिरवट सावली, काळी शेंग. आणि मध्ये तांब्याचा लोटा. लखलखीत, पोटावर खिडकीचा चौकोनी उजेड. माझ्या वखारीला खिडकीच नाही.

खाली ठरल्याप्रमाणे मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मांडणी, आणि पुढे माझं नाव.

लोक येत होते आणि लोट्याचं कौतुक करत होते. तांबं किती खरं वाटतं, हात लावून बघावंसं वाटतं. एक बाई माझं नाव वाचून मला म्हणाल्या, लोटा ठेवायची कल्पना फार सुंदर आहे तुमची. मला काय झालं असेल ते बघा. नाव नसतं तर मी एक वेळ गप्प बसले असते. मी स्वतः भांडून, लाकूड देऊन जे नाव मिळवलं होतं, तेच त्या लोट्याला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. ज्या एका गोष्टीला मी आयुष्यात कुणाकडून काही शिकले नाही, जी नुसती माझ्या डोळ्यांतून आली, तिच्यात तिऱ्हाइताचं भांडं घुसवून वर माझी सही.

मी मास्तरांकडे निघाले. मुलगी म्हणाली, “आई, इथे नको, माझी सोसायटी आहे.” नवऱ्याने माझा राग शांत करायला म्हणून जे सांगितलं त्याने आगीत तेलच ओतलं गेलं.

“जाऊ दे की,” तो म्हणाला. “चांगला माणूस आहे. त्या दिवशी कोहळा फोडताना पूजेचं ताट त्यांनीच तर धरलं होतं.”

मी थांबले. म्हणजे कोहळा फुटायच्या आधी मास्तर तिथे होते? होते, नवरा म्हणाला. कोहळा फोडू का म्हणून मी त्यांना विचारलंसुद्धा, पाहुणे म्हणून. काय म्हणाले? काही नाही, ताट पुढे केलं.

मी मास्तरांना लोट्यासमोर गाठलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं आणि तो चढला. सगळं क्लबहाउस आमच्याकडे वळलं. मी विचारलं, तुम्ही तिथे उभे होतात, हे चित्राचं आहे एवढं एक वाक्य तुम्हाला बोलता आलं नाही?

मास्तरांनी खिशातली एक पेन्सिल काढली, परत ठेवली.

“ताई, तीन रात्री मी घरी पांढरा रंग घेऊन बसलो,” ते म्हणाले. “ती भुरी मला जमत नव्हती. कोहळा फुटला तेव्हा खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. लोटा मला झोपेतही काढता येतो.”

माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं. पण बाजारात इतकी वर्षं काढली, आपला माल हलका आहे असं समोरून कबूल करणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला होता. मी एवढंच म्हटलं, मग सौदा पुरा झालेला नाही. घोड्या तुम्हाला मिळाल्या, कोहळा मला मिळाला नाही. पुढच्या कोहळ्याला बसा. ते म्हणाले, बसतो. त्या बाई, लोट्याची कल्पना आवडलेल्या, मध्येच म्हणाल्या, पण लोटाच जास्त छान दिसतोय. मुलीने मला तिथून बाहेर नेलं.

खंडेनवमीला फोडलेल्या त्या वाकड्या कोहळ्याच्या बिया मी त्याच दिवशी, भांडण सुरू असतानाच, गोळा करून राखेत घोळून ठेवल्या होत्या. या पावसाळ्यात त्या मागच्या भुशावर लावल्या. यंदा पाणी घातलं. वेल पत्र्यावर चढला आणि आता त्याला दोन कोहळे आहेत. एक सरळ आहे. दुसऱ्याची मान वाकडी आहे, आदल्यापेक्षा जास्त, आणि भुरी इतकी दाट की सकाळी उन्हात तो जरा निळसर दिसतो. नवऱ्याशी माझी बोलणी झाली आहेत. त्याने आधी वाकडा मागितला, मोठा म्हणून, मी सरळ देऊ केला, दोन दिवस ताणलं आणि शेवटी सरळवर ठरलं. वर त्याला दोन लिंबं दिली. वाकड्याला बोट लावायचं नाही हे त्याच्याकडून माणसांसमोर वदवून घेतलं आहे.

टेबल रिकामं करून ठेवलं आहे. वांगी झाडावर आहेत, बहाव्याची शेंग जुनीच चालेल. गाड्यांसाठी मी मागच्या कुंपणातून दुसरं दार काढलं आहे, तेव्हा मास्तरांनी साडेतीन नव्हे, दहा सकाळी घ्याव्यात, मी मोजणार नाही. पण मास्तर फोन उचलत नाहीत. मुलीला लिफ्टमध्ये भेटले तर म्हणे तब्येत बरी नाही. तिला त्यांच्या हातात रंगांची पिशवी दिसली होती.

मास्तर, तुम्ही हे वाचाल, कारण छापून आलं की मुलगी तुमच्या ग्रुपवर टाकणार आहे. ते चित्र अजून क्लबहाउसच्या भिंतीवर आहे आणि लोट्याखाली अजून माझं नाव आहे. ताट धरून गप्प का उभे राहिलात ते तुम्ही सांगितलंत, ते मी ऐकून घेतलं. आता पुढचं सांगा. पांढरं जमत नाही म्हणून माणूस किती वर्षं लोटे काढणार? कोहळा तयार आहे, खंडेनवमी जवळ आली आहे, आणि माझ्या नवऱ्याच्या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. घोडी घेऊन या, नाहीतर येऊन माझ्या तोंडावर सांगा की येणार नाही. पण येतो ताई एवढं म्हणून फोन ठेवू नका. मला उत्तर पाहिजे.